काळ्या पट्टीखालच्या ओळी

मल्हार कोकरे सरांना हळू बोलता येत नाही. यात त्यांचा काही दोष नाही. माळावर मेंढरं हाकणाऱ्या घरात जन्म झाला, तिथं हळू बोलून भागणार कसं? पुढं मेंढरं गेली, शेताला पाणी आलं, कोकरे मंडळी कांदा लावायला लागली, पण आवाज तेवढा घरात राहिला. पाबळ रस्त्यावरच्या ज्युनिअर कॉलेजात सर इंग्रजी शिकवायला उभे राहिले की शेजारच्या वर्गातल्या मॅडम सरळ खडू खाली ठेवतात. "आज तुमचं इंग्रजी माझ्याही पोरांचं झालं," असा टोमणा त्या मारतात. सर तो कौतुक म्हणून घेतात.

असा हा माणूस एकदा पुण्याच्या फुटपाथवरून एक जुनी इंग्रजी कादंबरी घेऊन एसटीत बसला. शिक्रापूरला उतरायचं होतं, उतरला शिरूरला. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, झोपला व्हता का?" सर म्हणाले, "नाही हो, जागा झालो!" आणि कंडक्टरला अर्धी गोष्ट सांगूनच परतीच्या गाडीत चढले.

गोष्ट होतीच तशी. एक शहर. तिथं एक दुरुस्ती खातं. कुणाचं पत्र असो, गाणं असो, पोरांचा धडा असो, सगळं आधी या खात्यात जायचं. तिथं लांब टेबलांवर बायका कात्र्या घेऊन बसायच्या आणि नको असलेली वाक्यं कापून काढायच्या. राहील ते लोकांना. लीना ही त्या खात्यातली सगळ्यात सफाईदार कात्री. एका नावाड्याशी तिची ओळख होते, त्याच्याकडून तिला कापलेली गाणी ऐकायला मिळतात, आणि खात्याला तिचा वास लागतो. पळून जा, सगळे सांगतात. नाव तयार असते. आणि ही बाई दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याच ऑफिसात जाते, भर कचेरीत कात्री टेबलावर ठेवते आणि म्हणते, आजपासून मी कापणार नाही.

सरांनी ठरवून टाकलं, बारावी आर्ट्सला ही शिकवायचीच. अभ्यासक्रमात नव्हती. नसेना का! दर शनिवारी जादा तास. प्रिन्सिपॉल म्हणाले, पोरं बसणार नाहीत. पोरं बसली. नुसती बसली नाहीत, भांडायला लागली. सणसवाडीला सुट्टीत कंपनीत जाणारा सुमित म्हणाला, "सर, आमच्या सुपरवायझरला ह्या खात्यात लगेच परमनंट करतील." पोरांनी कादंबरीचं बारसंही करून टाकलं: कात्रीवाली. "सर, शनिवारी कात्रीवाली हाय ना?" असं पोरं गुरुवारपासूनच विचारायला लागली. सरांना आभाळ ठेंगणं झालं.

पण पोरांच्या हातात गेली ती झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्समध्ये एक गोम होती.

शेवटून दुसऱ्या प्रकरणात लीना संध्याकाळी नदीच्या पायऱ्यांवर जाते. नावाडी वाट बघत असतो. तो तिचा हात हातात घेतो, मग ती त्याचं चुंबन घेते, मग काहीतरी बोलते. सगळा मामला अर्ध्या पानाचा. झेरॉक्सला देण्याआधी सरांनी ते अर्धं पान दहादा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

कारण त्यांच्या डोळ्यांपुढं अंकिता आली. अंकिता त्यांची चुलत बहीण, म्हणजे त्यांचे चुलते आबा यांची धाकटी मुलगी. आदल्या वर्षी याच कॉलेजात होती. वर्गातल्या एका पोरानं तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, मोबाईल कुणीतरी पाहिला, आणि भावकी जमली. आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मल्हारकडं वळून विचारलं, "तू मास्तर हायेस. तू काय म्हनतो?" एरवी गावभर ऐकू जाणारा हा माणूस तेव्हा चपलांकडं बघत म्हणाला, "तुम्ही ठरवाल ते." अंकिताचं कॉलेज सुटलं. ती दौंडला मावशीकडं शिवणकाम शिकायला गेली.

आता वर्गात प्राची भालेराव होती. पहिल्या बाकावरची, कात्रीवालीची सगळ्यात मोठी भक्त. तिचे वडील भारत भालेराव कंपनीत फिटर, अबोल, कपाळाला कायम आठी. ते एकदा पालकसभेत येऊन एकही शब्द न बोलता उठून गेले होते, तेव्हापासून सर त्यांना वचकून होते. या माणसाच्या हातात हे पान पडलं तर? पोरगी दुसऱ्या दिवशी घरात. सरांनी मूळ पुस्तकाला हात लावला नाही, तेवढा धीर त्यांना झाला नाही. एक झेरॉक्स काढली, तिच्यातल्या त्या सबंध अर्ध्या पानावर जाड काळा मार्कर फिरवला, आणि त्या प्रतीवरून बाकीच्या काढून घेतल्या.

सेन्सॉरशिपवरची कादंबरी शिकवणारा मास्तर घरी मार्कर घेऊन बसला! दुसऱ्या कुणी केलं असतं तर याच सरांनी स्टाफरूम डोक्यावर घेतली असती.

वर्ग त्या पानावर पोचला त्या शनिवारी सर घामानं भिजले होते. आणि घडलं भलतंच. सम्राट नावाचा एक पोरगा बाकावरून ताडकन उठला. "सर! हे काळं लिहिणाऱ्यानंच केलंय ना? म्हंजी आपल्याला पण कळावं, कापल्यावर कसं वाटतं ते!" वर्गात एकच कल्ला झाला. काय डोकं! काय आयडिया! प्राचीचे तर डोळेच चमकायला लागले. सगळे सरांकडं बघत होते. सर म्हणाले, "तसं... तसं म्हणता येईल."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ही मूठ फुगत चालली. सहामाहीत प्राचीनं काळ्या पट्टीवर तीन पानं लिहिली, आणि इतकी सुंदर लिहिली की प्रिन्सिपॉलांनी ती सभेत वाचून दाखवली आणि नारळ देऊन सरांचा सत्कार केला. सरांनी तो नारळ घरी नेला, पण कुणी फोडायला घेतला की ते नको म्हणायचे. एकच प्रश्न मात्र वर्गात कुणालाच सुटत नव्हता. लीना पळून का गेली नाही? कालपर्यंत घाबरणारी बाई सकाळी एकदम अशी कशी वाघीण झाली? प्राची दर शनिवारी विचारायची आणि सर दर शनिवारी घड्याळ बघायचे.

प्राचीच्या वॉर्डात बुद्धविहार आहे. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने तिथं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. वाचणारी दोन वर्षं प्राचीच. तिथला रिवाज असा की ओळ गाळायची नाही. अवघड आली तर दोनदा वाचायची, कळली नाही तर विचारायची, पण गाळायची नाही. पुढं सरूबाई बसते. तिला अक्षरओळख नाही, पण वाचणारीचं बोट पानावरून उडी मारून गेलं तर ती लगेच म्हणते, "माघारी ये."

आश्विन पौर्णिमेला वाचन संपलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाया सवयीनं विहाराच्या ओट्यावर आल्याच. करायचं काय? सरूबाई म्हणाली, "पोरी, तुझ्या कालेजातलं ते कात्रीवाल्या बाईचं सांग." प्राचीनं झेरॉक्स आणली. एक परिच्छेद इंग्रजीतून वाचायचा, मग मराठीतून सांगायचा. चार संध्याकाळी झाल्या नाहीत तोवर ओटा भरून जायला लागला. बाया लीनासाठी हळहळायच्या, खात्याच्या साहेबाला मनसोक्त शिव्या घालायच्या. आणि मग प्राची काळ्या पट्टीवर आली.

"हितं लिहिणाऱ्यानं मुद्दाम काळं केलंय," ती मोठ्या ऐटीत म्हणाली.

"का?" सरूबाईनं विचारलं.

प्राचीनं आपली तीन पानं तोंडपाठ सांगितली. सरूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मला न्हाई पटत. येवढं पोटच्या पोरावानी लिवायचं आन् आपल्याच हातानं पुसायचं? माघारी जा. ओळ गाळायची न्हाई. सरांकडं खरं पुस्तक आसंल की. सरांना बोलीव."

दुसऱ्या दिवशी प्राची वर्गाबाहेर सरांना म्हणाली, "सर, आमच्या बायांनी तुम्हाला विहारात बोलावलंय. मूळ पुस्तक घेऊन या म्हणाल्यात. फक्त ते एक पान बघायचंय."

पुस्तक सापडत नाही म्हणावं? कुणी पळवलं म्हणावं? दुपारभर सर बहाणे जुळवत राहिले. पण प्राचीचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. संध्याकाळी पुस्तक स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि निघाले. निम्म्या वाटेत एकदा गाडी वळवलीसुद्धा. मग स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडून पुन्हा सरळ केली.

ओटा गच्च भरलेला. "जय भीम सर, या," म्हणून कुणी खुर्ची पुढं केली, कुणी पाणी आणलं. आणि अगदी पुढं, कंपनीच्या निळ्या कपड्यांतच, भारत भालेराव मांडी घालून बसलेले. कपाळाला तीच आठी. या माणसापासून जे लपवलं, तेच आता याच्या तोंडावर वाचायचं होतं. बोलावं तर प्राचीचं कॉलेज जाणार, न बोलावं तर प्राचीचा विश्वास जाणार.

त्यांनी पुस्तक उघडलं. पान समोर धरलं. प्राची वाकून बघायला लागली. पानावर काळं काही नव्हतं. तिनं एकदा पानाकडं बघितलं, एकदा सरांकडं. ती ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

"लिहिणाऱ्यानं खोडलं नव्हतं," सर म्हणाले. "मी खोडलं."



"वाचा आता," सरूबाई म्हणाली.

सर वाचायला लागले. मराठीतून सांगत गेले. पायऱ्या आल्या, हातात हात आला, चुंबन आलं. भावकीच्या बैठकीनंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज बसला होता.

"मोठ्यानं वाचा की!" सरूबाई खेकसली. "मागं काय बी ऐकू यीना!"

मग सरांनी श्वास घेतला आणि उरलेल्या ओळी वाचल्या. नावाडी लीनाला विचारतो, नाव तयार आहे, येतेस ना? लीना म्हणते, "नाही. इतकी वर्षं मी लोकांच्या पत्रांतून हेच कापत आले. मी काय कापत होते ते मला आज कळलं. आता उद्या त्या टेबलाशी जाऊन ते सांगितल्याशिवाय मला कुठं जाता येणार नाही."

"आत्ता!" प्राची जवळजवळ ओरडलीच. "म्हणून ती माघारी गेली! सर, म्हणून गेली ती!" बाया एकदम बोलायला लागल्या. कुणी टाळी दिली, कुणी डोळ्याला पदर लावला, एकीनं शेजारणीला कोपर मारून चुंबनाचं पुन्हा विचारून घेतलं.

त्या गलक्यात भारत भालेरावांनी हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा. "सर, एक इचारू? ह्यात खोडण्यासारखं काय व्हतं?"

सर त्यांच्याकडं बघत राहिले. मग जे होतं ते बोलून टाकलं. "तुम्ही होता, भारतराव. तुम्ही हे पान बघाल आणि प्राचीला कॉलेजातनं काढाल, असं मला वाटलं."

भारतरावांची आठी पहिल्यांदा हलली. "मी? आवो, मी रोज शिफ्ट सुटली की चहा बी न घेता हितं पळत येतोय. तिला काढलं तर पुढचं मला कोन सांगनार?" मग जरा थांबून, जरा दुखावल्यासारखं म्हणाले, "मला इचारायचं तरी."

बाया हसल्या. प्राची हसली नाही. "सर, मी तीन पानं खोटी लिहिली," ती म्हणाली. सर म्हणाले, "खोटेपणा तुझा नाही, माझा आहे. सोमवारी सगळ्या वर्गाला सांगतो. नारळ पण परत करतो." तेव्हा कुठं तिनं पुस्तक त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि पुढचं प्रकरण स्वतः वाचायला सुरुवात केली.

त्या रात्री सरांना झोप लागली नाही. लीनाचं वाक्य राहिलं बाजूला, भारतरावांचंच वाक्य कानात घुमत होतं. मला विचारायचं तरी. आणि त्यांना एकदम आठवलं की आबांनी तर विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच ते आबांच्या अंगणात जाऊन उभे राहिले. आबा कांद्याची रोपं निवडत बसले होते.

"आबा, त्या बैठकीत तुम्ही मला एक विचारलं होतं," सर म्हणाले. आवाज पुन्हा पूर्वीचा, शेजारची कुत्री भुंकायला लागली. "त्याचं उत्तर द्यायला आलोय. अंकिताचं काही चुकलं नव्हतं. तिला शिकू द्यायला पाहिजे होतं."

आबांनी हातातली जुडी खाली ठेवली. सरांना वाटलं, आता उठतील आणि हाकलून देतील.

"सगळी भावकी एका बाजूला व्हती," आबा म्हणाले. "मी एकटा काय बोलनार? म्हून तुला इचारलं. तू शिकलेला, तू न्हाई म्हनशील, मंग मी बी न्हाई म्हनंन. आन् तू चपला बघत बसला." त्यांचा आवाज फाटला. "वरीस झालं, पोरगी फोनवर धड बोलत न्हाई माझ्याशी."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पायरीवर बसले आणि नाक शिंकरलं.

"आता रडत काय बसलायस?" आबा उठले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "गाडीत पेट्रोल हाय का?"

"कुठं जायचंय?"

"दौंडाला. आन् पोरीला काय सांगून माघारी कालेजात आणायचं ते वाटंनं ठरवू. तूच बोलायचं पर. मला जमायचं न्हाई."

न्हावऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सरांनी आबांना कात्रीवालीची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून ओरडून सांगत होते, आणि नदीच्या पायऱ्यांवर आले तेव्हाही आवाज खाली आणला नाही. मागच्या सीटवरून आबा म्हणाले, "मंग? फुडं काय झालं?"