चुएनचं गोड बोलणं

हाँगकाँगच्या योंग फुंग चहाघराला नव्वद वर्षं झाली. चहा कडू, किटल्यांचे कान तुटलेले, तरी सकाळी सहाला दारात रांग. वर्तमानपत्रवाले याचं श्रेय तिथल्या वाफाळत्या पावांना देतात. त्यांना काय कळतंय! खरं श्रेय चुएनचं. पंचेचाळीस वर्षं तो तिथे वेटर होता आणि गिऱ्हाइकाला टोमणा मारल्याशिवाय त्यानं कधी कप मांडला नाही. "खायला आलात की राहायला?" हे त्याचं स्वागत.

मालकाची नात वाय-मान परदेशातून हॉटेलचं शिक्षण घेऊन आली आणि शहाणपण पाजळू लागली.

"चुएन काका, उद्यापासून हसायचं. एक जरी तक्रार आली, तरी घरी बसायचं."

घरी एक खाट होती, आणि भांडायला कोणीच नव्हतं. चुएन हादरला.

दुसऱ्या दिवशी लाऊबाई आल्या. चाळीस वर्षं कोपऱ्यातली खुर्ची त्यांचीच.

"या, बसा. तब्येत कशी आहे?" चुएन हसला.

लाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या. "माझे रिपोर्ट तुला कोणी दाखवले?"

"छे हो! काळजी घ्या हं."

झालं! बाईंनी घरी जाऊन हातातली हिरव्या जेडची बांगडी सुनेला देऊन टाकली. सात वर्षं अबोला होता त्या सुनेशी. गावभर बातमी झाली: चुएन गोड बोलतोय, म्हणजे चहाघर तरी विकलं किंवा तो स्वतः तरी चालला. आठवड्यात निम्मी टेबलं ओस पडली.

सोमवारी लाऊबाई निरोप घ्यायला आल्या. किटली रिकामी झाली की झाकण उचलून ठेवायचं, वेटरनं गरम पाणी ओतायचं, ही तिथली रीत. बाईंनी झाकणाला हातही लावला नाही. नुसत्या बसून राहिल्या.

चुएनला ते बघवेना. वाय-मान गल्ल्यावरच उभी होती.

"काय हो, झाकण उचलायला आता गडी ठेवू? तासभर जागा अडवून बसलायत!"

बाई ताठ झाल्या. "मेल्या, आठवडाभर कोमट पाणी पाजतोयस, वर तोंड करून बोलतोस?"

सगळं चहाघर हसलं. तक्रार आलीच होती. चुएननं एप्रन सोडून टेबलावर ठेवला.

वाय-मान पुढे झाली. तिनं पाण्याची किटली उचलली, तर अर्धं पाणी टेबलावर.

"अशी धरतात होय? दे इकडे!" चुएननं एप्रन पुन्हा बांधला.

लाऊबाईंनी दोन कप चहा घेतला आणि तडक सुनेकडे गेल्या, बांगडी परत मागायला.