टाकीतलं बिऱ्हाड

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या कामगारांची माझ्या साडूंइतकी काळजी घेणारा दुसरा अधिकारी झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. अडचण एवढीच, की त्यांचे कामगार कुणाला दिसत नसत. साडू एका दूध कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीवर होते. मी तिथंच स्टोअर सांभाळायचो. चीज केल्यावर उरलेलं पाणी त्या टाकीत यायचं आणि तिथले जिवाणू त्यातली दुधाची साखर खाऊन ते स्वच्छ करायचे. या मंडळींना साडू ‘आमची माणसं’ म्हणत. दिवाळीत कारखाना बंद असला, की त्यांची उपासमार नको म्हणून शिरूरहून स्कूटरवर दुधाचं कॅन घेऊन जात. आमच्या मुलीच्या बारशात, नाव ठेवायच्या ऐन वेळी, टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडल्याचं कळताच ते ताटावरून उठले. माझी थोरली मेहुणी म्हणाली, “एक सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. एवढ्या सवतींशी कुठं भांडू?”

न्हावऱ्याच्या एका लग्नात तर त्यांनी पंगतीलाच विज्ञान वाढलं. “पाव्हणं, ताटात जिलबी असंस्तवर मठ्ठ्याला कुणी हात लावतं का? आमची माणसंबी तशीच. साधी साखर दिसली, की दुधाच्या साखरेकडं ढुंकून बघत न्हाईत. ती पचवायचं हत्यार घडवणारी जनुकंच बंद ठेवतात. उगा कशाला राबायचं? साधी साखर संपली, की मग ती जनुकं चालू.” शेजारच्या मामांनी घाबरून मठ्ठा एका घोटात संपवला.

पुढं कारखान्यात नवे मॅनेजर आले. आल्या आल्या त्यांनी सर्वांना समोसे आणि ‘बदलाला झटपट सामोरे जा’ हे व्याख्यान दिलं. मग सणासाठी गुलाबजाम काढायला घेतले. पाकाचं पाणी टाकीत येऊ लागलं, माणसं त्यावर तुटून पडली आणि दुधाची साखर तशीच साचत राहिली. सण संपला, पाक थांबला. पाण्यातला प्राणवायू दाखवणारा काटा वर जाऊन बसला. म्हणजे प्राणवायू कुणी खर्चच करेना.

“मेले तुमचे जिवाणू!” मॅनेजर म्हणाले. “टाकी भरत आली. ओढ्यात सोडा.”

“मेले न्हाईत साहेब. जनुकं चालू करतायत, हत्यार घडतंय. वेळ द्या.”

“मी माणसांनाही एवढा वेळ देत नाही.”

“खालच्या वस्तीवरच्या आबांची मेंढरं त्याच ओढ्याला पाणी पितात,” असं म्हणून साडू सरळ व्हॉल्व्हच्या चाकावर बसले. “नोकरी घ्या माझी. पन चाक फिरवायला आधी मला उचलावं लागंल.” साडूंचं वजन पाहता कुणी पुढं झालं नाही. मी चहा नेला, तो त्यांनी चाकावरून न उठताच घेतला. घरात लग्नाची लेक होती. काय पणाला लावलंय, ते त्यांनाही ठाऊक होतं.

दिवस कलताना काटा खाली सरकू लागला. साडूंनी टाकीत वाकून पाहिलं आणि झोपलेल्या लेकरांविषयी बोलावं तसं हळू म्हणाले, “लागली जेवायला.”

पुढच्याच मीटिंगमध्ये मॅनेजरांनी हा प्रसंग आपल्या व्याख्यानाचं फळ म्हणून सांगितला. साडूंची बदली झाली पुण्याच्या कचेरीत. तिथं जिवंत असं काही नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते केडगावला राहायला गेले आणि बोलायचे कमी झाले.

परवा दोघं रांजणगावला गेलो, तर त्यांनी कारखान्यापाशी थांबायला लावलं. वॉचमन नवा, आत सोडेना. साडू भिंतीच्या कडेकडेनं गेले आणि भिंतीला कान लावून उभे राहिले. आतून घरघर ऐकू येत होती. वॉचमन माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाला, “टंकी तो कब की तोड़ दी, साब. ये जनरेटर है.”

साडूंनी मला हातानं जवळ बोलावलं. चेहरा उजळला होता. “ऐका. हवा चालू हाय. न्हाई का?”

मीही भिंतीला कान लावला. “व्हय, पाव्हणं,” मी म्हणालो, “झ्याक चालू हाय.”