सहा दांड्यांचा नकाशा

फेब्रुवारी २००२, रविवार, सकाळचे आठ. स्थळ: बल्लारपूर, रेल्वे वसाहतीमागचं मैदान. हजर: मी, माझा नवरा, तांगेवाले भाई, त्यांची घोडी, नागपूरच्या घोडेस्वारी शाळेचे मालक, म्हणजे साहेब, आणि माझ्या कॉम्प्युटर क्लासचे चौदा विद्यार्थी. गैरहजर: साहेबांसाठी सांगितलेली खुर्ची. ती साडेआठला आली.

वहीत एवढंच लिहिलं आहे. बाकीचं आठवून लिहिते.

भाई माझ्या क्लासच्या मुलींना रोज तांग्यातून आणत. गावात ऑटो वाढले तशा त्यांच्या स्टेशनच्या सवाऱ्या गेल्या, उरल्या या मुली. त्यातच एकदा तांग्यातून सोडलेली घोडी कुत्र्याला बिचकली आणि मालधक्क्याच्या भिंतीवरून सरळ पलीकडे गेली. साहेब कुणाच्या तरी लग्नाला आले होते. त्यांनी ती उडी पाहिली आणि भाईंना तिथेच सांगितलं: महिन्याभरानं येतो, तुम्ही पाठीवर बसून घोडीनं सहा अडथळे पार केले तर दोघांनाही शाळेत ठेवून घेतो. पगार, खोली, चारा, सगळं. नाही जमलं तर भाईंनी घोडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. मग ते दुसऱ्याचा ऑटो चालवणार होते.

"ऑटोले चारा नाई लागत, मॅडम," ते म्हणाले, "पण दिवसभर बोलाव कोनाशी?"

साहेबांनी एक सीडीही दिली होती. भाईंनी ती रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. "याच्यात घोड्याले उडवाचा नकाशा बनते म्हनते. बनवून द्या."

मी घोड्याच्या जवळही कधी गेले नव्हते. पण सॉफ्टवेअर मला आवडलं, कारण ते आधी प्रश्न विचारत होतं. मैदान किती लांब? अडथळे किती? घोड्याची ढांग किती? शेवटच्या प्रश्नासाठी मी रस्त्यावर चुन्याची फक्की टाकून घोडी पळवली आणि टेपनं मोजलं. सॉफ्टवेअरनं धरलेल्या परदेशी घोड्याच्या ढांगेपेक्षा आमच्या घोडीची ढांग बरीच आखूड निघाली. तो आकडा भरल्याबरोबर पडद्यावरचे सगळे अडथळे आपोआप जवळ सरकले. भाई खुर्ची ओढून बसले. "पाह्यलं का? वळखलं तिले."

नकाशा आमच्या प्रिंटरवर सहा कागदांत निघाला. तो चिकटवून मी कामं वाटली. बांबू नवऱ्यानं आणायचे, आडव्या दांड्या टेकवायला रिकामे ड्रम शेजारच्या गॅरेजमधून, अंतरं मोजायला दोन मुलं. आठ दिवस घोडीनं साध्या बांबूंवरून सराव केला. इतक्या सहज उडायची की एकदा भाईच मागे राहिले.

शनिवारी फक्त रंगकाम उरलं होतं. पडद्यावर दांड्यांना लाल-पांढरे पट्टे होते, म्हणून मी लाल आणि पांढरा ऑइलपेंट आणला. नवरा रेल्वेत आहे. त्याला दोन डबे जास्त वाटले.

"पांढराच मार ना. काऊन झेब्रा करून राह्यली?"

"पडद्यावर जसं आहे तसंच मैदानावर," मी म्हटलं. पट्टे मी स्वतः पट्टीनं आखले. सहाही दांड्यांवर सारख्या रुंदीचे.

रविवारी भाई धुतलेला पठाणी घालून घोडीवर बसले. साहेबांनी घड्याळ सुरू केलं. घोडी झोकात निघाली, पहिल्या दांडीपर्यंत आली आणि थांबली. बिचकून नव्हे, व्यवस्थित, अंतर राखून. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग मागचा एक पाय ढिला सोडला आणि डोळे अर्धे मिटले.

"चल ना वं माय," भाई वाकून तिच्या कानात म्हणाले. "आज इज्जतीचा सवाल आहे."

कान हलला. बाकी काही हललं नाही.

"तब्येत बरी नाही का?" साहेबांनी विचारलं.

माझा नवरा खो-खो हसायला लागला. मी डोळे वटारले, पण त्याला थांबवेना. "अवं, फाटक बंद आहे नं तिच्यासाठी! रेल्वेचं फाटक! रोज सकाळ-संध्याकाळ लाल-पांढऱ्या दांडीसमोर उभी राहते थे."

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्यांकडे पाहिलं. खरोखर फार सरळ आले होते.

"आता गाडी गेल्याशिवाय नाई हलत थे," भाई बारीक आवाजात म्हणाले.

नवऱ्यानं सवयीनं घड्याळ पाहिलं. "या टायमाले तर कोनतीच नाई."

पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. मी दोन मुलांना दांडीच्या एका टोकाशी उभं केलं आणि सांगितलं, उचला. दांडी फाटकासारखी तिरकी वर गेली. घोडीनं डोळे उघडले आणि शांतपणे खालून चालत पलीकडे गेली. मुलं टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या दांडीपाशी पुन्हा थांबली. मुलं धावत आली, दांडी वर, घोडी पलीकडे. तिसऱ्या दांडीला खरंच यार्डातून मालगाडीची शिटी आली. मग दांडी वर असूनही घोडी हलेना. कोळशाचे डबे एकामागून एक जात राहिले. आम्ही सगळे उभे राहिलो, साहेबसुद्धा. गार्डाचा डबा गेला तेव्हा नवऱ्यानं हात दाखवला आणि घोडी निघाली.

सहावी दांडी ओलांडून भाई उतरले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. सॉफ्टवेअरनं या वाटेला दीड मिनिटापेक्षा कमी वेळ दिला होता. साहेबांच्या घड्याळात सव्वीस मिनिटं झाली होती.

"दांडी एकही पडली नाही," मी पुढे होऊन म्हटलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

साहेब बराच वेळ घोडीची मान थोपटत राहिले. "लहान मुलं बसली तरी अशीच उभी राहते?"

"साहेब, आठ पोरी आनतो मी तांग्यातून," भाई म्हणाले. "फाटकावर सर्व्या भांडते, चिवडा सांडते. एक तर उतरून हिच्या शेपटीची वेनी घालते. हे हलत नाई."

"उड्या मारणारी चार घोडी आहेत माझ्याकडे," साहेब म्हणाले. "पोरं बसवली की आईबाप रडतात. थांबणारं एकही नाही. बुधवारी ट्रक पाठवतो."

भाईंना हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मात्र ते चिडले. "पन साहेब, हे उडते! अव्वल उडते! बिनरंगाच्या बांबूवर एक डाव पाहून तर घ्या!"

"नको."

"एकच!"

"भाई," माझा नवरा त्यांच्या दंडाला धरून म्हणाला, "नोकरी लागली नं? आता चूप बसा."

बुधवारी ट्रक आला. घोडी चढली, भाई चढले, पेटी चढली, गवताचे दोन भारे चढले. तांगा काही केल्या बसेना. "मॅडम, दोन दिवस तुमच्या क्लासच्या मागं ठेवते का? येतोच घ्यायले," भाई म्हणाले. मी हो म्हटलं आणि वहीत लिहून ठेवलं.

भाई दर ईदला फोन करतात. घोडीवर आता डॉक्टरांची मुलं शिकतात, तिच्यासाठी नंबर लावावा लागतो, असं सांगतात. मी तांग्याचं विचारते. "या महिन्यात येतोच," ते म्हणतात. मधल्या काळात तांग्याच्या सीटखाली कुत्री दोनदा व्याली, छतावर दोडक्याचा वेल चढला आणि क्लासच्या मुली डबा खायला त्यातच बसायला लागल्या. दर जानेवारीत नवी वही काढली की पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत मी तेच काम उतरवते: तांगा हलवणे.