आपोआप उघडणारं पत्र

हे गेल्यावर यांचा कॉम्प्युटर मी वापरू लागले. कुठल्याही ईमेल पत्त्यावर क्लिक केलं, की यांचाच मेलचा प्रोग्राम उघडायचा. कोरं पत्र, आणि खाली आधीच उमटलेलं, 'आपला, वसंत'. दरवेळी अंगावर काटा यायचा.

रविवारी लेक आली. म्हणाली, "आई, तुझा प्रोग्राम डिफॉल्ट करू या. मग बाबांचा आपोआप उघडणार नाही."

सेटिंगपर्यंत ती गेली आणि थांबली. "तूच दाब."

मी दाबलं. आता कोऱ्या पत्राखाली माझं नाव होतं. लेक चहा टाकायला उठली. काय वाटलं कोणास ठाऊक, मी यांचाच पत्ता घातला, "जेवलात का?" एवढंच लिहिलं आणि पाठवलं.

यांचा प्रोग्राम मागे उघडाच राहिला होता. क्षणभरात तिथे अक्षरं उमटली, 'एक नवीन पत्र'.

ते उघडायचा मला अजून धीर झालेला नाही.