तयार झालेला पाय

मिस्त्रींच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एकही केस नव्हता. उजव्या हातावर मात्र भरपूर. नव्या माणसाला वाटायचं, भाजलं असेल. पण तसं नव्हतं. ऑपरेशनचे चिमटे ते स्वतः बनवत आणि प्रत्येक चिमटा आपल्याच हातावर तपासत. चिमट्याने एक केस धरायचा आणि ओढायचा. केस निसटला तर चिमटा परत कानशीखाली. "मला नाय दुखलं तर डॉक्टरला काय कामाचा?" असं म्हणत आणि पुढचा उचलत.

बोईसरला कारखान्यांच्या मागच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड होती. आमच्या भागात डॉक्टरांची हत्यारं आणि लाकडाचे हातपाय बनवणारे ते पहिलेच. तोवर असल्या कामाला मुंबई गाठावी लागे. मी चौथीपर्यंत शिकलेली, चार माणसांत तोंड उघडत नसे. तरी त्या शेडमध्ये मी नऊ वर्षं काम केलं, कारण तिथे बोलायला कुणाला सवडच नव्हती.

मिस्त्रींना बसलेलं मी पाहिलं नाही. जेवणसुद्धा उभ्याने. त्यांची बायको डबा घेऊन येई आणि म्हणे, "बसा की हो, ताट काय पळून जातंय?" ते म्हणत, "ताट नाय, मी पळतोय." घास तोंडात, आणि डोळे रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या पायांवर. कुणी लंगडत गेला की हात न धुताच त्याच्या मागे. एकदा एका लग्नात नवरदेवाच्या मामाला मंडपातच थांबवून त्यांनी त्याचा गुडघा दाबून बघितला. अक्षता पडायच्या राहिल्या होत्या.

हत्यारं चांगली खपत होती, मग हातपाय बनवायचा उद्योग कशाला, असं त्यांना एका डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा मी तिथेच होते. मिस्त्री म्हणाले, "पाय कापायची करवत मीच बनवून देतो ना तुमाला? मग अर्धं काम करून झोपू कसा?" त्यांना झोप कमीच होती, हे त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं.

माझे यजमान ताडी काढायचे. ताडाला बांबू बांधलेला असतो, त्याच्या खुंट्या पायऱ्यांसारख्या ठेवलेल्या असतात, त्यावरून वर चढायचं. एका सकाळी खुंटी तुटली. मी भाताचं पाणी चुलीवर ठेवलं होतं. तो आवाज मला आजही लिहिता येत नाही. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यातूनच आम्हाला मिस्त्रींकडे पाठवलं. मापं घेताना मी कोपऱ्यात बसून माझ्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवत होते. मिस्त्रींनी माझ्या हातातून चप्पल घेतली, टाके ओढून बघितले आणि म्हणाले, "उद्यापासून ये. पायाच्या चामडी वाद्या शिवायच्या हायत."

मग यजमानांना विचारलं, "दामू, पाय कशाला पायजे?"

"कशाला म्हंजे? चालायला."

"चालायला लोक काठी पण घेतात. काय करायचंय ते बोल."

"वर चढायचंय," यजमान म्हणाले. "खाली बसून बसून मला माझंच ओझं झालंय."

मिस्त्रींचे डोळे चमकले आणि मला तो पडल्याचा आवाज परत ऐकू आला.

लाकडी पायाच्या तळव्यात त्यांनी आडवी खाच पाडली, बांबूची खुंटी तिच्यात बसावी म्हणून. तिला टायरचं रबर लावलं. कापलेल्या भागावर लोकरीच्या मोज्याने घामाचे फोड येत, म्हणून मी आईच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवली. ती बघून त्यांनी पुढे सगळ्यांना तसलीच द्यायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत पाय उभा राहिला. यजमान अंगणात चालले. आता चार दिवस घरी वापरून बघायचा आणि मग ताड.

त्या चार दिवसांनी मी पाय गोणपाटात गुंडाळून आमच्या गावाहून, उमरोळीहून, परत शेडमध्ये नेला आणि मिस्त्रींना म्हणाले, "वादी चावते म्हणतात."

यजमान तसं काहीच म्हणाले नव्हते.

मिस्त्रींची नस मला ठाऊक होती. काम झालं असं त्यांना कधी वाटायचंच नाही, नुसती शंका काढायची खोटी. त्यांनी हातातला चिमटा टाकला आणि पाय खोलला. घरी मी सांगितलं, "मिस्त्रींना अजून काम करायचंय." पुढच्या खेपेला मी मिस्त्रींना म्हणाले, टाच उचलते. मग म्हणाले, गुडघ्यामागे घासतं. ताडीचा एक हंगाम असाच निघून गेला तर यांचं मन वळेल, असं मला वाटत होतं. शेडमध्ये मी मान खाली घालून टाके घालायची आणि मिस्त्री पाय हातात घेऊन येरझारा घालायचे. "कुठं चुकतंय? सांग ना पोरी, नक्की कुठं?" मी वादीकडे बोट दाखवायची.

सात महिने गेले. यजमान खाटेवर बसून मिस्त्रींना शिव्या द्यायचे. गावात झालं, हा मिस्त्री फार हळू आहे. मग बोईसरमध्येही झालं. एका कारखान्यातला परप्रांती कामगार कुबड्या घेऊन आला होता. पायावरून गाडा गेला होता त्याच्या. मापं घ्यायच्या आधीच म्हणाला, "सात महीना लगता है ना तुमको? नहीं चाचा, मैं गाँव जाता हूँ." मिस्त्री त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. "अरे रुक, माप तो दे!" तो थांबला नाही. मी सुई खाली ठेवली आणि परत उचलली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःच आमच्या घरी आले. ओटीवर उभ्यानेच विचारलं, "दामू, वादी नक्की कुठं चावते?"

"चावते?" यजमान म्हणाले. "मिस्त्री, मी एकदा तरी बोललो का चावते म्हणून? तुमीच पाय देत नाय."

मी चुलीशी होते. मग मिस्त्री म्हणाले, "नाय रे, माझ्याच डोक्यात बसलं होतं." आणि चहाही न घेता गेले.

शेडमध्ये त्यांनी विचारलं, "किती वेळा खोलला मी तो पाय?"

"अकरा वेळा."

"भीती वाटते एवढं बोलायला तुला तोंड नव्हतं?"

"तुमी ऐकलं नसतं."

"नसतं ऐकलं," ते म्हणाले. फेऱ्या मारत राहिले. "चढायचं तर तो चढणारच. पण भीतीचं काय करायचं ते तरी केलं असतं." मग चामड्याचा सगळ्यात जाड पट्टा काढून माझ्यापुढे टाकला. कमरेला आणि झाडाला एकत्र धरणारा पट्टा करायचा होता. "घे. जेवढी भीती हाय तेवढे टाके घाल."

मी तीन दिवस शिवत होते. दुहेरी शिवण, मग परत दुहेरी.

यजमान ताडावर चढले त्या दिवशी मिस्त्री झाडाभोवती नुसते फिरत होते. वरून आवाज आला, "मिस्त्री, गरगर फिरू नका, मलाच चक्कर येते!" खाली सगळे हसले. मी घरात होते. यजमान खाली उतरले तेव्हा मला बोलवायला मिस्त्रीच आले. म्हणाले, "बघ, दोन पायांवर आलाय." त्यानंतर यजमान सहा हंगाम चढले. पडले नाहीत.

'सात महिने' मात्र मिस्त्रींना चिकटले ते चिकटलेच. लोक अर्धी मापं देऊन दुसरीकडे जात. त्यांनी कधी खुलासा केला नाही. त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा शेड बंद झाली. आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. ते खाटेवर पडून होते, पण बोटं चादरीवर चालत होती. यजमान थट्टेने म्हणाले, "मिस्त्री, माझे सात महिने खाल्ले हां तुमी."

मी तिथेच उभी होते. सांगायची ती वेळ होती.

"हो रे बाबा," मिस्त्री म्हणाले. "तेव्हा माझा हातच बसत नव्हता."

दोन महिन्यांनी ते गेले. अजून कुणी पायाची चौकशी करायला घरी येतं, मी वाद्या शिवते म्हणून. यजमान आपला पाय दाखवतात आणि सांगतात, माणूस देव होता, पण कामाला फार हळू. मी आत चहा ठेवते.

म्हणून इथे लिहून ठेवते. तो पाय तीन आठवड्यांत तयार झाला होता.