निरगुडीची पाटी आणि झुंबरआत्या

आमच्या गावात कुणाचा पाय मुरगळला की आधी पारनेरला जाऊन एक्स-रे काढतात आणि मग तो झुंबरआत्याला दाखवतात. ती गावचीच लेक, गावातच दिलेली, म्हणून सगळ्यांची आत्या. एक्स-रे उन्हाकडे उलटा धरून ती सांगते, "हाड शाबूत हाय. रविवारी ये." डॉक्टरांनीच हाड मोडलंय म्हटलं असेल तर मात्र ती हात लावत नाही.

औषध म्हणजे एका झाडाचा पाला. शनिवारी संध्याकाळी हळदकुंकू आणि सुपारी वाहून झाडाला आवतन द्यायचं, रविवारी सकाळी पाला खुडायचा आणि तो गरम करून पायाला बांधेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. झाडाचं नाव तर जन्मात कुणापुढे घ्यायचं नाही; घेतलं की गुण गेला. सासूनं दिलेलं हे बंधन आत्यानं आयुष्यभर पाळलं. ते झाड निरगुडीचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पाला बांधून घेताना भली भली माणसं "कशाचा असतोय कुणास ठाऊक!" असं बिनदिक्कत खोटं बोलतात.

मग रस्ता रुंद झाला आणि जेसीबीनं ओढ्याकाठची सगळी झुडपं उपटली. निरगुडी उरली फक्त आमच्या शाळेच्या औषधी बागेत. बाग माझी. प्रत्येक झाडापुढे मी माझ्या वळणदार अक्षरात नावाची पाटी रोवलेली. त्या पाट्यांचा मला भारी अभिमान.

आत्या पाला शोधत आली आणि तिनं पाटी वाचली.

"बाई, नाव पार चव्हाट्यावर मांडलं की वो तुमी! आता कसला गुण ऱ्हातोय?"

त्या दिवसापासून तिनं औषध बंद केलं. ओट्यावर नुसती बसून असायची. मला वाईट वाटत होतं, पण पाटी काढायची माझी तयारी नव्हती. शाळा आहे, काही झालं तरी.

अशातच टेम्पोवाल्या गोरक्षनाथचा पाय मुरगळला. गोळ्या झाल्या, स्प्रे झाला. "स्प्रेनं गार वाटतंय, बरं न्हाई वाटत," असं म्हणत तो लंगडत शाळेत आला, निरगुडीची पाटी उपटून अडुळशापुढे रोवली, अडुळशाची निरगुडीपुढे, आणि आत्याला बोलवून आणलं. मला कळलं तेव्हा मी भयंकर संतापले. पण तोवर आत्या सुपारी घेऊन झाडापुढे उभी होती आणि कितीतरी दिवसांनी हसत होती.

"शाळेलाबी झाड वळखाया आलं न्हाई, बाई!"

माझ्या बागेचा एवढा अपमान मी मुकाट्यानं गिळला. म्हटलं, सोमवारी पाट्या बदलू.

रविवारी शाळेच्या खिचडीच्या शेगडीवर मी तवा ठेवला. गोरक्षनाथ पायरीवर पाय पसरून बसला होता. आत्या तोंड मिटून पाला खुडत होती. तेवढ्यात मोनिका आली, नगरहून नुकतीच लग्न होऊन आलेली गावातली नवी सून. तिनं पाटी वाचली आणि त्याच झाडाची पानं ओरबाडायला लागली.

"माझ्या जाऊबाईंच्या छकुलीला खोकला झालाय. अडुळशाचा काढा देते."

"अगं, ते नको," मी म्हणाले.

"का? पाटी तुमचीच आहे ना, बाई?"

मी गोरक्षनाथकडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहू लागला. खरं सांगावं तर आत्यासमोर नाव घ्यावं लागणार! आत्या दोन्ही हात हलवून मोनिकाला खुणा करत होती. तो आशीर्वाद समजून मोनिका बिचारी वाकून पाया पडली आणि ओटीत पानं भरून निघाली.

"अगं ए, निरगुडी हाय ती! निरगुडी!" आत्या ओरडली. "लेकराच्या पोटात घालतीस व्हय? अडुळसा त्यो तिकडला!"

मोनिकानं पानं टाकून दिली. आत्यानं तोंडावर पदर दाबला. तिचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

"बोललेबी, आन् नावबी घेतलं," ती पुटपुटली. "गेलं सगळं."

गोरक्षनाथनं सुजलेला पाय पुढे केला.

"आमी काय ऐकलं न्हाई, आत्या. बांधा लवकर, लई ठणकतंय."