साधी बाटली

अख्ख्या मुलुंडात खाडी जेवली की उपाशी, याची काळजी वाहणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी, मूलबाळ नाही, बायको वारलेली. बिल्डिंगीत सगळे त्यांना खाडीवाले म्हणायचे, मी भावोजी. ऐंशीच्या दशकातले ते रविवार! लोक मटणाच्या रांगेत, तर हे मिठागरांपलीकडे गुडघाभर चिखलात, हातात सरबताच्या रिकाम्या बाटल्या. परतले की जिन्यात असा काही वास सुटायचा की तळमजल्यावरच्या काकू ओरडायच्या, "अहो, खाडी तिथेच ठेवून या ना!" हे नम्रपणे म्हणायचे, "थोडीशीच आणलीय हो."

त्या पाण्यात म्हणे डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात आणि त्यांच्यावर कोळंबीपासून सगळी मासळी जगते. मी सातवी शिकलेली, म्हणून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते समजावत. "वहिनी, तांदूळ पोतंभर आहे, रॉकेल वाटीभर. भात किती शिजेल?"

"वाटीभर रॉकेलवर शिजेल तेवढाच!"

"बास! खाडीचंही तेच. ऊन आहे, पाणी आहे, पण एखादं खत कमी पडतं. जे कमी, त्यावरच सगळं अडतं."

ते कमी काय, नायट्रोजन की फॉस्फरस, यापायी त्यांनी दोन वर्षं घालवली. आमच्या सामाईक गॅलरीत खाडीच्या पाण्याच्या तीन बाटल्या. एकीत युरिया, एकीत फॉस्फेट, तिसरीत काहीच नाही. तिच्यावर चिठ्ठी: 'साधी'. दरवेळी युरियाचीच हिरवी व्हायची, म्हणजे कमी होता तो नायट्रोजन. कॉलेजातल्या सभेत हे वाचून दाखवायचं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना बोलायला बोलावलं होतं. शेवटची खात्री करून घ्यायला पुन्हा बाटल्या मांडल्या, आणि तेवढ्यात बायकोचं श्राद्ध आलं. गावी जाताना म्हणाले, "वहिनी, रोज फक्त रंग लिहून ठेवा."

लिहिला हो. पण तुळशीला शेणखताचं पाणी घालताना ती साधी रोज समोर दिसायची. दोघींना खाऊ आणि हिला काहीच नाही? साधी म्हणून उपाशी ठेवायची? घातलं चमचाभर. दुसऱ्या दिवशी आणखी चमचाभर.

भावोजी परतले तर साधी सगळ्यांत हिरवीगार. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. "म्हणजे खाडीला काहीच कमी नव्हतं. दोन वर्षं माझंच चुकलं." एवढी बोलकी मी, नेमकी तेव्हाच मुकी झाले. ते सभेला गेलेच नाहीत. चार दिवसांनी मी रडत रडत सगळं सांगितलं, तोवर सभा होऊन गेली होती.

वाटलं, आता दार लावून घेतील. पण त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी नीट चिकटवली. मग म्हणाले, "तिला काय कमी होतं, ते तुम्हालाच बरोबर कळलं की, वहिनी."

"पुन्हा मांडा ना बाटल्या," मी म्हटलं.

"मांडू, मांडू."

नाही मांडल्या. रविवारी खाडीवर जाणंही सुटलं. जिन्यात वास येईना, तशा तळमजल्यावरच्या काकूच विचारू लागल्या, "बरे आहेत ना गं ते?" निवृत्त होऊन ते गावी गेले आणि तिथेच वारले.

जाताना साधी माझ्याकडे ठेवून गेले. अजून तुळशीशेजारी आहे. पाणी कधीच आटलं, चिठ्ठीवरची शाई पुसट झाली. सकाळी तुळशीला पाणी घालताना हात तिच्यापाशी जरा थांबतो. काही घालत नाही.